हर्रा आणि वगळलेली पाने : 'अरेबिया डेझर्टा'मधील भूशास्त्राचा पुनर्विचार

प्रास्ताविक

चार्ल्स मॉन्टेग्यू डाउटी (1843–1926) याचे 'ट्रॅव्हल्स इन अरेबिया डेझर्टा' हे पुस्तक 1888 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने दोन खंडांत प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी प्रवासवर्णनाचा अभ्यास या ग्रंथाला वळसा घालून करता येत नाही, हे सर्वमान्य आहे. मात्र हा ग्रंथ वाचण्याची एक ठरावीक रीत पडून गेली आहे. वाचक त्यातील चॉसर–स्पेन्सरच्या वळणाची जुनाट, खडबडीत इंग्रजी पाहतो. बदाऊनींच्या तंबूतले आतिथ्य आणि उपासमार पाहतो. 'खलील' हे नाव धारण करूनही आपला ख्रिस्ती धर्म न लपवणाऱ्या प्रवाशाचा हट्ट पाहतो. काळ्या लाव्ह्याच्या पठारांविषयीची पाने लागली की तोच वाचक भराभर पुढे जातो. प्रस्तुत लेखिका याला अपवाद नाही. प्रवासवर्णनांवरील माझ्या एम.फिल.च्या लघुप्रबंधात डाउटीवर एक संपूर्ण प्रकरण होते आणि त्या प्रकरणात 'हर्रा' हा शब्द बहुधा दोनदाच आला होता. दोन्ही वेळा तो 'वैराणपणाचे प्रतीक' म्हणून आला होता. परीक्षकांपैकी कोणालाही त्यात काही खटकले नाही, मलाही नाही.

हर्रा हे प्रतीक नसून एक भूरूप आहे, त्याला वय आहे, रचना आहे, आणि डाउटी ते भूरूप म्हणूनच पाहत होता, हे ध्यानात येण्यास बराच काळ गेला. 'अरेबिया डेझर्टा'तील भूशास्त्र ही ग्रंथाला जोडलेली पुरवणी नसून लेखकाच्या पाहण्याची ती मूळ पद्धत आहे, अशी या लेखाची भूमिका आहे. त्याच वेळी हे भूशास्त्र एका महत्त्वाच्या ठिकाणी चुकीच्या उपमेवर उभे राहते, आणि ती चूक साहित्याच्या अभ्यासकाला अधिक बोलकी वाटावी अशी आहे, हेही येथे मांडावयाचे आहे.

हर्रा म्हणजे काय

अरबस्तानच्या पश्चिम भागात, तांबड्या समुद्राला साधारण समांतर, लाव्ह्याची अनेक विस्तीर्ण पठारे पसरली आहेत. अरबी भाषेत अशा पठाराला हर्रा म्हणतात. विशेषनामाशी जोडताना त्याचे 'हर्रत' होते. उत्तरेस सीरिया–जॉर्डनपासून दक्षिणेस येमेनपर्यंतच्या या सर्व हर्रांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे 1,80,000 चौरस किलोमीटर भरते. त्यांपैकी हर्रत रहात हे मदिनेपासून दक्षिणेकडे सुमारे 300 किलोमीटर पसरलेले असून त्याचे क्षेत्र 20,000 चौरस किलोमीटरच्या घरात आहे. मदिनेच्या उत्तरेस हर्रत खैबर आहे, सुमारे 14,000 चौरस किलोमीटरचे. म्हणजे एकटे खैबर गोव्याच्या जवळजवळ चौपट, आणि पुणे जिल्ह्याहून थोडे लहान. डाउटीने ज्यावर उन्हाळा काढला ते हर्रत उवैरिद आणखी वायव्येस, मदाइन सालिहच्या पश्चिमेला आहे. त्याची उंची काही ठिकाणी 1900 मीटरपर्यंत जाते.

या लाव्ह्याचे मूळ तांबड्या समुद्राच्या जन्मात आहे. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी अरबी भूखंड आफ्रिकेपासून विलग होऊ लागला, खचदरी निर्माण झाली, आणि त्या ताणाबरोबर पहिले लाव्हाप्रवाह बाहेर पडले. अभ्यासक हर्रांच्या दोन पिढ्या मानतात. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीपर्यंतची जुनी पिढी समुद्राच्या दिशेला समांतर, वायव्य–आग्नेय अशी मांडलेली आहे. सुमारे सव्वा कोटी वर्षांपासून आजतागायत चालू असलेल्या नव्या पिढीची ज्वालामुखमुखे मात्र उत्तर–दक्षिण रेषेत आहेत. रहात, खैबर आणि त्याच्या उत्तरेचे इथनैन ही तीन हर्रे मिळून सुमारे 600 किलोमीटर लांबीची अशी एक रेषा तयार होते. व्हिक्टर कॅम्प आणि जॉन रूबोल यांनी 1989 ते 1992 या काळातील लेखनात ही रेषा मांडली. तांबडा समुद्र एका दिशेने फाकत असताना जमिनीवरील नवे ज्वालामुखी दुसऱ्याच दिशेने का रांगेत बसले, हा प्रश्न त्यातून पुढे आला. प्रावरणातील उष्ण द्रव्य दक्षिणेकडील अफार प्रदेशाखालून भूकवचाच्या पातळ पट्ट्याने उत्तरेकडे सरकत आले असावे, असे एक मत आहे. स्थानिक भूकवचच पातळ होऊन खालचे द्रव्य वर चढले, असे दुसरे. वाद मिटलेला नाही. मात्र हर्रा हे एखाद्या ज्वालामुखीचे अवशेष नसून एका चालू प्रक्रियेचे पृष्ठ आहे, याविषयी दुमत नाही.

वाळवंटामुळे या पृष्ठाचे वाचन सोपे होते. येथे पाऊस अत्यल्प, माती जवळजवळ नाही, वनस्पतींचे आच्छादन नाही. काही हजार वर्षांपूर्वीचा प्रवाह काल थिजल्यासारखा दिसतो. कोठे दोरखंडासारखी वळी पडलेली, कोठे ढेकळांचा खरखरीत ढीग. आपल्याकडे हाच दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचा आहे. पावसाने त्याच्या पायऱ्या पडल्या, त्याची काळी माती झाली, तिच्यात कापूस उगवला. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला बेसाल्ट शिकवताना प्रथम त्याच्यावरची शेती बाजूला काढावी लागते. उवैरिदवर काढण्यासारखे काही नाही.

डाउटीची पूर्वतयारी

डाउटी हा साहित्यातून भूशास्त्राकडे आलेला नव्हता. क्रम उलटा होता. केंब्रिजमध्ये त्याने निसर्गविज्ञानाची पदवी 1865 मध्ये घेतली. त्याआधी नॉर्वेतील योस्टेडालच्या हिमनद्यांवर जाऊन त्याने मोजमापे केली होती, आणि 1866 मध्ये त्याविषयी एक पुस्तिका छापली होती. हिमनदी आणि लाव्हाप्रवाह या दोन्ही गोष्टी संथ वाहणाऱ्या, कडेला मोडणाऱ्या, मागे खुणा ठेवणाऱ्या आहेत. तरुणपणी एकीवर नजर बसलेल्या माणसाला दुसरी वाचणे सोपे गेले असावे, हा माझा तर्क आहे. त्यानंतरच्या वर्षांत त्याने जुन्या इंग्रजी कवींचे वाचन केले, दक्षिण युरोपात भटकंती केली, आणि 1872 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक प्रत्यक्ष पाहिला.

नोव्हेंबर 1876 मध्ये तो दमास्कसहून निघालेल्या हज यात्रेच्या तांड्याबरोबर निघाला आणि मदाइन सालिह येथे थांबला. तेथील नबतियन कबरींचे शिलालेख उतरवून घेणे हा त्याचा उघड हेतू होता. (त्या कबरींचे स्थळ हेग्रा या नावाने 2008 मध्ये सौदी अरेबियातील पहिले जागतिक वारसास्थळ ठरले.) कबरी कोरल्या आहेत त्या वालुकाश्मात. पश्चिमेला नजर टाकली तर त्याच वालुकाश्माच्या कड्यांवर काळी टोपी घातल्यासारखे उवैरिद दिसते. 1877 च्या उन्हाळ्यात डाउटी मोआहीब टोळीबरोबर त्या टोपीवर चढला.

येथे त्याचे निरीक्षण ज्या क्रमाने येते तो क्रम महत्त्वाचा आहे. तो प्रथम खाली काय आहे हे सांगतो आणि मग वर काय आहे हे. वालुकाश्म आधीचा, लाव्हा नंतरचा. लाव्हा त्यावर पसरला, आणि नंतर कडा झिजत मागे सरकल्या. ही मांडणी आज प्राथमिक वाटेल. परंतु ज्या प्रवासवर्णनांत वाळवंट म्हणजे केवळ वाळू आणि सूर्य एवढेच असते, त्यांच्या शेजारी ठेवल्यास तिचे मोल कळते. डाउटीच्या वाळवंटाला खोली आहे. तो जेथे उभा असतो तेथे पायाखाली आणखी एक जग आहे, याची जाणीव त्याचे वाक्य सोडत नाही. त्याच्याजवळ एक निर्द्रव वायुभारमापक होता. त्यावरून तो उंची काढी, आणि त्या यंत्रामुळेच लोकांचा संशय ओढवून घेई. उंचीचे हे आकडे कथनाच्या मध्येच येतात, भुकेच्या आणि भांडणाच्या वर्णनात. मला पूर्वी ते व्यत्यय वाटत. आता वाटते की भूक आणि उंची यांची नोंद तो एकाच वहीत करत होता, आणि पुस्तक त्या वहीशी प्रामाणिक राहिले आहे.

दुसरी गोष्ट शब्दांची. लाव्ह्याच्या पृष्ठभागाचे प्रकार सांगण्यासाठी आज भूशास्त्र जे दोन हवाईयन शब्द वापरते, ते क्लॅरेन्स डटनच्या 1884 च्या हवाईवरील लेखनातून शास्त्रात रुळले. डाउटी हर्रावर चढला तेव्हा ते त्याच्या हाती असणे शक्य नव्हते. मग त्याने शब्द घेतले ते बदाऊनींकडून. पठाराला हर्रा, शंकूच्या टेकडीला त्यांच्या उच्चारातील 'हिल्ली'. ही उसनवारी स्थानिक रंगासाठी केलेली नव्हती. इंग्रजीत त्या वस्तूला नाव नव्हते आणि मेंढपाळाजवळ होते. आजही या क्षेत्रांची शास्त्रीय नावे हर्रत रहात, हर्रत खैबर अशीच आहेत. डटनने हवाईत जे केले तेच हा माणूस अरबस्तानात, कोणत्याही सर्वेक्षण खात्याच्या आधाराविना करत होता.

व्हेसुव्हियसची उपमा

उवैरिदच्या थंड, निःशब्द शंकूंमध्ये उभा राहून डाउटी अचानक इटलीत जातो. 1872 चा व्हेसुव्हियस तो तपशीलवार आठवतो : विवरातला खळबळता रस, वर उडून कोसळणारे लाव्ह्याचे गोळे, पृष्ठावर धरत जाणारी साय, आवाज. संपूर्ण ग्रंथातील उत्कृष्ट गद्यात या पानांची गणना व्हावी. अरबस्तानविषयीच्या पुस्तकात इटलीची पाने आली म्हणून ती विषयांतर ठरवणे सोपे आहे. मी तसे ठरवले होते. वास्तविक ती पाने म्हणजे पुरावा आहे. हा काळा दगड एकेकाळी असा वाहत होता, हे मी कशावरून म्हणतो? तर वाहताना मी पाहिला आहे म्हणून. वर्तमानातील प्रक्रियेवरून भूतकाळाचा अर्थ लावावा, हे चार्ल्स लायेलच्या परंपरेतील तत्त्व येथे सूत्ररूपाने न येता आत्मचरित्राच्या रूपाने येते. भूशास्त्रीय युक्तिवाद आणि आठवण यांची अशी एकजीव गुंफण मला इतर प्रवासवर्णनांत आढळलेली नाही.

पण उपमा म्हटली की तिच्याबरोबर न मागितलेलेही काही येते. व्हेसुव्हियस हा एक पर्वत आहे. त्याच्या माथ्यावरील त्याच परिसरातून पुन्हापुन्हा उद्रेक होतात, थरावर थर चढतो, आणि त्याला स्वतःचा इतिहास असतो. तो दोन भूपट्ट एकमेकांखाली सरकण्याच्या प्रदेशातला ज्वालामुखी आहे. हर्रा तसे नाही. तेथे शेकडो लहान मुखे विखुरलेली असतात आणि त्यांपैकी बहुतेक प्रत्येकी एकदाच जागी होतात. भेग उघडते, काही आठवडे किंवा काही वर्षे लाव्हा वाहतो, राखेचा आणि जळक्या खड्यांचा शंकू उभा राहतो, आणि ती जागा कायमची विझते. पुढचा उद्रेक दुसरीकडे. मेक्सिकोतील पारिकुतिन हा 1943 मध्ये एका शेतात उगवलेला आणि 1952 मध्ये विझलेला शंकू या जातीचा आधुनिक काळातील सर्वांत परिचित नमुना होय. त्यामुळे हर्राविषयी 'हा ज्वालामुखी मृत आहे की जिवंत' असा प्रश्नच चुकीचा ठरतो. प्रत्येक शंकू मृत असतो. क्षेत्र जिवंत असते.

डाउटीला हा भेद दिसला नाही. 1888 मध्ये तो दिसावा अशी अपेक्षाही रास्त नव्हे. भूपट्टांचा सिद्धांत 1960 च्या दशकातला आहे. तरीही परिणाम लक्षणीय आहे. त्याच्या हर्रात अग्नीचा वर्तमानकाळ नाही, तो युरोपातून आणावा लागतो. जिवंत ज्वालामुखी नेपल्सजवळ, आणि अरबस्तानात त्याची थंडगार राख, अशी एक वाटणी नकळत होऊन बसते. पूर्वेकडील देश म्हणजे संपलेल्या गोष्टींचा प्रदेश, या त्या काळच्या युरोपीय समजुतीला ही वाटणी फार सोयीची होती. डाउटीने ती हेतुतः केली असे मी म्हणणार नाही. उपमेने ती त्याच्याकडून करवून घेतली.

खैबर

नोव्हेंबर 1877 मध्ये डाउटी खैबरला पोहोचला आणि तेथील तुर्की अंमलदाराच्या ताब्यात सापडून मार्च 1878 पर्यंत अडकून पडला. ग्रंथातील हा भाग सर्वांत कोंदट आहे. अम्म मुहम्मद अन-नजूमी या एका थोर मनाच्या माणसाची मैत्री सोडली तर या पानांत लेखकाची नजर आखडलेली आहे. खैबरच्या रहिवाशांपैकी बरेच आफ्रिकी वंशाचे होते. त्यांच्याविषयी डाउटी ज्या तुच्छतेने लिहितो ती वाचताना आज संकोच वाटतो, आणि वाटावाच. एडवर्ड सैद यांनी 'ओरिएंटॅलिझम' (1978) मध्ये डाउटीला ज्या पंगतीत बसवले तिला या प्रकरणात भरपूर आधार सापडेल.

मात्र याच प्रकरणात पाण्याची एक उत्तम समज आहे. खैबरच्या दऱ्या लाव्ह्याच्या पठारात कोरल्या गेलेल्या आहेत. वरच्या भेगाळ बेसाल्टमधून मुरलेले पाणी खालच्या कठीण खडकाशी अडते आणि दरीच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून तेथे खजुराच्या बागा, म्हणून तेथे वस्ती, आणि साचलेल्या पाण्यामुळे म्हणूनच तेथे तापही. उवैरिदवरही हेच : उन्हाळ्यात बदाऊनी वर जातात कारण उंचीमुळे तेथे गारवा असतो, आणि पावसाचे पाणी दगडांतील खळग्यांत टिकलेले असते. टोळ्यांचा वर्षभराचा फेरा खडकाच्या रचनेवर बेतलेला आहे, हे डाउटीने जगून लिहिले. मानववंशशास्त्राचे अभ्यासक त्याचे टोळ्यांविषयीचे परिच्छेद उद्धृत करतात. त्या परिच्छेदांचा आधार असलेले खडकाविषयीचे परिच्छेद मात्र तसेच राहतात.

खैबरचे दुसरे वैशिष्ट्य रंगाचे आहे. 'काळे वाळवंट' ही प्रतिमा येथे मोडते. या क्षेत्राच्या मध्यभागी जबल अब्यद आणि जबल बैदा हे पांढुरके डोंगर आहेत. दोन्ही नावांचा अर्थ 'पांढरा' असाच, एक पुल्लिंगी आणि एक स्त्रीलिंगी. अब्यदची उंची 2093 मीटर असून तो या हर्राचा सर्वोच्च बिंदू आहे. शिलारस भूकवचात दीर्घकाळ अडकून राहिला की त्यातील जड, लोह–मॅग्नेशियमयुक्त खनिजे आधी स्फटिकरूप होऊन वेगळी होतात. मागे उरतो तो सिलिका आणि अल्क यांनी समृद्ध, फिकट, घट्ट रस. तो पसरत नाही, घुमटासारखा साचतो किंवा स्फोटाने राख उधळतो. शेजारीच जबल किद्र हा काळा, मोठा शंकू आहे आणि त्याचे प्रवाह त्या पांढऱ्या राशींना वळसा घालून दूरवर गेले आहेत. किद्र म्हणजे स्वयंपाकाचे भांडे. त्याला हे नाव कोणी दिले असेल ते असो, निरीक्षण अचूक आहे.

या प्रदेशाला निर्मनुष्य ठरवणाऱ्या वाचनालाही अलीकडे धक्के बसले आहेत. खैबरमधील उम्म जिरसान ही सुमारे दीड किलोमीटर लांबीची लाव्हानलिका आहे. प्रवाहाचा पृष्ठभाग थिजला, आतला रस पुढे निघून गेला, आणि पोकळी उरली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या नलिकेत माणसे निदान 7,000 वर्षांपासून अधूनमधून येत राहिली. अलउला आणि खैबर परिसरात याच काळातील लांब आयताकृती दगडी बांधकामे हजाराहून अधिक संख्येने नोंदवली गेली आहेत. बांधकामासाठी दगड शोधण्याची गरज नव्हती, तो पायाखालीच होता.

ग्रंथाचे वाचक

या ग्रंथाला वाचक मिळाले ते मोजके आणि उशिरा. 1908 मध्ये एडवर्ड गार्नेटने 'वाँडरिंग्ज इन अरेबिया' या नावाने त्याचा संक्षेप केला, आणि डाउटी सामान्य वाचकापर्यंत पोहोचला तो याच रूपात. संक्षेपकाराने प्रवासकथेचा धागा राखला हे त्याच्या दृष्टीने योग्यच होते. पण त्यामुळे हा ग्रंथ म्हणजे मूलतः एक साहसकथा आहे, असा समज पक्का झाला. 1921 च्या आवृत्तीला टी. ई. लॉरेन्सची प्रस्तावना आहे. लॉरेन्स बोलतो तो अरबांच्या स्वभावाविषयी आणि डाउटीच्या चिकाटीविषयी. दगडाला त्या प्रस्तावनेत जागा नाही. दुसरीकडे रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 1912 मध्ये डाउटीला सुवर्णपदक दिले, म्हणजे भूगोलज्ञांनी त्याचे ऋण मानले. परंतु त्यांना त्याचे गद्य नको होते आणि साहित्यिकांना त्याचा नकाशा नको होता. एका पुस्तकाची अशी दोन शाखांत वाटणी झाली. आमच्या महाविद्यालयातही इंग्रजी विभागाच्या कपाटात संक्षिप्त आवृत्ती आहे आणि भूगोल विभागाला लेखकाचे नावही माहीत नव्हते. दोन विभागांमध्ये एक भिंत आहे, तीही अर्धीच.

वसाहतोत्तर समीक्षेने गार्नेट–लॉरेन्स यांच्या वाचनाला आव्हान दिले खरे, पण या एका बाबतीत तिने त्यांचाच वारसा चालवला. तिच्या दृष्टीने रिकामे, मृत, काळे वाळवंट ही साम्राज्यवादी नजरेची निर्मिती आहे. यात तथ्यांश आहे आणि वरील व्हेसुव्हियसच्या विवेचनात तो मीही मान्य केला आहे. परंतु हर्रा काळे आहे ते कोणाच्या नजरेमुळे नव्हे. त्यात लोहयुक्त खनिजे आहेत आणि पाऊस नाही, म्हणून ते काळे आहे. वर्णनातील किती भाग दगडाचा आणि किती पाहणाऱ्याचा, हे ठरवण्यासाठी आधी दगड माहीत असावा लागतो. ही पूर्वअट आम्ही साहित्याचे लोक क्वचितच पाळतो.

संहिता आणि खडक

पूर्वअट पाळली तर संहितेचे मोल कमी होते, असेही नाही. 1256 च्या जून महिन्यात मदिनेच्या आग्नेयेस हर्रत रहातमध्ये भूकंपांपाठोपाठ भेग उघडली आणि 52 दिवस लाव्हा वाहिला. प्रवाह सुमारे 23 किलोमीटर लांब गेला आणि शहरापासून अदमासे 8 किलोमीटरवर थांबला. हे आपल्याला ठाऊक आहे ते प्रथम अरबी इतिहासकारांमुळे. अबू शामाने मदिनेहून आलेल्या पत्रांच्या आधारे ते नोंदवले, पुढे समहूदीने मदिनेच्या इतिहासात त्याचा विस्तार केला. भूशास्त्रज्ञांनी ते प्रवाह जमिनीवर ओळखले, आणि संहिता व खडक यांची साक्ष जुळली.

याच प्रदेशात उलटही घडले. इ. स. 641 मध्ये मदिनेजवळ उद्रेक झाल्याचा एक उल्लेख बराच काळ शहराच्या पश्चिमेकडील चार लहान शंकूंना लावला जात होता. अमेरिकेच्या आणि सौदी अरेबियाच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थांनी 2010 च्या दशकात उत्तर रहातचे संयुक्त सर्वेक्षण केले. त्या काळातील कालमापनातून हे शंकू हजारो वर्षे जुने, म्हणजे इतिहासपूर्व असल्याचे दिसून आले. येथे शब्दाला दगड मिळाला नाही. उल्लेख खोटा ठरला असे नव्हे. तो कशाचा उल्लेख आहे हा प्रश्न पुन्हा संहितेच्या अभ्यासकाकडे आला आहे, आणि तो सोडवण्यास अरबी हस्तलिखिते वाचणारा माणूस लागेल, प्रयोगशाळा पुरणार नाही.

क्षेत्र जिवंत असते याचा निर्वाळा 2009 मध्ये मिळाला. खैबरच्या पश्चिमेला, तांबड्या समुद्राच्या बाजूस हर्रत लुनैयिर आहे. एप्रिल ते जून या काळात तेथे 30,000 हून अधिक भूकंपांची नोंद झाली. 19 मे रोजी 5.4 महत्तेचा धक्का बसला, जमिनीवर सुमारे 8 किलोमीटर लांबीची भेग पडली आणि सुमारे 40,000 लोकांना हलवण्यात आले. उपग्रहांच्या रडार प्रतिमांवरून जमिनीचे विरूपण मोजले तेव्हा कळले की उभ्या भिंतीसारखा शिलारस खालून वर घुसला होता, आणि पृष्ठाच्या अगदी जवळ येऊन थांबला होता. लाव्हा बाहेर आला नाही. डाउटीला जी आग पाहण्यासाठी नेपल्सला जावे लागले, ती त्याच्या मार्गापासून फार दूर नसलेल्या जमिनीत होती.

ब्लॅनफर्डच्या शेजारी

डाउटीच्या गद्याचे वेगळेपण कळण्यासाठी त्याच्या एका समकालीनाचे लेखन शेजारी ठेवून पाहावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम टी. ब्लॅनफर्ड याने पश्चिम आणि मध्य भारतातील ट्रॅप खडकांवर 1867 मध्ये लिहिले. म्हणजे आपल्या सह्याद्रीचा तो आरंभीचा वाचक. 1868 च्या ॲबिसिनियावरील ब्रिटिश स्वारीबरोबर तो गेला, आणि तांबड्या समुद्राच्या पलीकडच्या तीरावरील लाव्ह्याचे थर त्याने अशांगी आणि मग्दला या नावांनी वेगळे केले. 1870 मध्ये त्याचे पुस्तक आले. दख्खनमध्ये शिकलेली नजर घेऊन तो आफ्रिकेत गेला होता आणि त्याची उपमा दगडाची दगडाशी होती : थरावर थर, क्षितिजापर्यंत सपाट, भेगांतून वाहिलेला लाव्हा. ही उपमा हर्राला व्हेसुव्हियसपेक्षा जवळची होती. डाउटीने ब्लॅनफर्ड वाचला असता आणि त्याच्या मनात एका पर्वताऐवजी एक पठार असते, तर ती इटलीची पाने लिहिली गेली नसती. भूशास्त्र अधिक बरोबर झाले असते आणि पुस्तक निराळे झाले असते. या अदलाबदलीत आपण कशाची निवड केली असती, याचे उत्तर मला देता येत नाही.

ब्लॅनफर्डच्या पुस्तकात खडक आहेत, प्राणी आहेत, स्थळांची अचूक नावे आहेत. लेखक तहानलेला नाही. डाउटीच्या पानावर लाव्ह्याच्या धारेने उंटाचा पाय कापला जातो, बूट फाटतो, पुढचे पाणी किती अंतरावर ते माहीत नसते, आणि तरी वाक्याच्या शेवटी खालचा वालुकाश्म कोठे संपला याची नोंद असते. पूर्ण आवृत्तीच्या पहिल्या खंडाबरोबर एक मोठा घडीचा नकाशा होता, ज्यात हर्रांची क्षेत्रे दाखवलेली आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयातील प्रतीत तो मला मिळाला नाही. घडीच्या जागी कागदाची एक फाटकी कड तेवढी शिवणीत अडकलेली होती. ग्रंथपालांच्या नोंदवहीत प्रत 'संपूर्ण' अशी चढवलेली आहे.